घरी गाडी वर घ्यायची, तर ती कशावर ठेवायची?

खंडेनवमी जवळ आली की कोल्हापुरात घरोघरी गाड्या धुण्याची लगबग सुरू होते. पावसाळाभर गगनबावडा, राधानगरी किंवा आंबा घाटाच्या रस्त्याने फिरलेल्या गाडीच्या पोटाला चिखलाचे थर बसलेले असतात आणि पूजेच्या आधी ते काढायचे, तर गाडी थोडी तरी वर घ्यावी लागते. अलीकडे त्यात आणखी भर पडली आहे. ऑइल बदलणे, ब्रेकचे पॅड बदलणे, सायलेन्सरचा खडखडाट कुठून येतो ते शोधणे ही कामे व्हिडिओ पाहून घरच्या पोर्चमध्येच करणारे माझ्या ओळखीत बरेच जण आहेत, आणि त्यासाठी लागणारे जॅक, रॅम्प व स्टँड आता घरपोच मिळतात. मिळतात खरे, पण खोक्यावर ‘दोन टन’, ‘तीन टन’, ‘रॅचेट’, ‘पिन लॉक’ असे जे लिहिलेले असते, त्यातले आपल्या गाडीला नेमके काय लागते हे कोणी सांगत नाही. मग एकतर दुकानातली सगळ्यांत जड दिसणारी वस्तू उचलली जाते, किंवा काहीच न घेता गाडीसोबत आलेल्या जॅकवर आणि दोन विटांवर भागवले जाते. या दुसऱ्या प्रकारात माणसे जिवाला मुकतात, आणि तो मृत्यू पूर्णपणे टाळता येण्याजोगा असतो, म्हणून हा विषय मुळापासून समजून घेतला पाहिजे.

## उचलणे वेगळे, धरून ठेवणे वेगळे

या सगळ्या गोंधळात पक्का धरून ठेवावा असा भेद एकच आहे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे आणि घोडी हे पेलून धरण्याचे. गॅरेजमध्ये ज्याला घोडी म्हणतात तोच बाजारातला ‘जॅक स्टँड’: खाली फाकलेले पाय, मधून वर-खाली होणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला गाडीचा भार घेणारी खोलगट बैठक. रॅम्प हा तिसरा प्रकार. तो म्हणजे चाकापुरता केलेला चढ, ज्यावर गाडी स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर चढते आणि माथ्यावरच्या सपाट जागेवर उभी राहते.

तालमीतला पैलवान जोडीदाराला सहज खांद्यावर घेतो, पण त्याला तसाच तासभर उभा राहा असे कोणी सांगत नाही. घराचा खांब कधी काही उचलत नाही, मात्र वर्षानुवर्षे छप्पर पेलतो. जॅक हा पैलवान आणि घोडी हा खांब, एवढे समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

तेलावर चालणाऱ्या जॅकमध्ये एक लहान आणि एक मोठा असे दोन दट्टे असतात. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कल याने सतराव्या शतकात मांडलेला नियम इथे कामाला येतो. लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ३ सेंटिमीटर असेल, तर मोठ्याचे क्षेत्रफळ ९ पट भरते, म्हणून लहान दट्ट्यावर ५० किलोचा जोर दिला की मोठा ४५० किलो उचलतो. त्यात लांब दांड्याचा फायदा मिळाला की हाताला फारच थोडे श्रम पडतात. सोय मोठी आहे, पण उचललेली गाडी शेवटी उभी असते ती त्या तेलाच्या धारेवर, आणि ते तेल अडवून धरतात एक रबरी सील आणि एक छोटासा वाल्व. सील झिजले, वाल्वच्या बैठकीवर कण अडकला किंवा जाता-येता कोणाचा पाय लागून वाल्व सैल झाला, तर गाडी खाली येते; कधी हळूहळू आणि कधी एका क्षणात.

हे मी माझ्याच पोर्चमध्ये मोजून पाहिले आहे. एका शनिवारी संध्याकाळी मागचे चाक काढले, गाडी ट्रॉली जॅकवर, म्हणजे चाकांवर सरकणाऱ्या तेलाच्या जॅकवर, ठेवली आणि शेजारी घोडी मुद्दाम तीन बोटे खाली लावून ठेवली. रात्री दाराखालची कड जमिनीपासून ३४ सेंटिमीटरवर होती. सकाळी टेप लावला तेव्हा ती २९ सेंटिमीटरवर येऊन घोडीवर निवांत टेकली होती. जॅक कोरडा होता, फरशीवर तेलाचा एक थेंबही नव्हता. तेल आतल्या आतच वाल्वमधून परत टाकीत गेले होते. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, मिस्त्रींना जॅक दाखवला, तेव्हा ते हातातले काम न थांबवता म्हणाले, “साहेब, जॅक उचलायला असतोय, धरायला न्हाई.”

गाडीसोबत मिळणारा कैचीसारखा जॅक तेलावर चालत नाही, तो आट्यांच्या दांड्यावर चालतो, त्यामुळे तो रात्रीतून खाली बसत नाही. पण त्याची बैठक तळहाताएवढी असते आणि गाडी किंचित पुढे-मागे सरकली तरी तो कलंडतो. रस्त्यात पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरताच तो दिलेला असतो.

## विटांची भिंत घर पेलते, मग वीट गाडी का पेलणार नाही?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो वरवर पाहता रास्त आहे. भिंतीत प्रत्येक विटेवरचा भार तिच्या संपूर्ण पृष्ठावर सारखा पसरलेला असतो, कारण वर-खाली चुन्याचा किंवा सिमेंटचा थर तो भार समान वाटून देतो. गाडीखाली ठेवलेल्या विटेवर मात्र पत्र्याची अरुंद कड टेकते आणि सगळे वजन एका रेषेत येते. वीट, जांभ्याचा चिरा आणि सिमेंटचा ब्लॉक हे तिन्ही पदार्थ सरळ दाबाला चांगले असतात, पण वाकवले किंवा ताणले की तुटतात, आणि खालची जमीन थोडी उंचसखल असली की वीट नकळत वाकवलीच जात असते. पोकळ ब्लॉकमध्ये तर भार घेणाऱ्या भिंती दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या असतात.

यातले खरे भय तुटण्याच्या रीतीत आहे. फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तुकड्यावर घण घातला की तो वाकत नाही, तडकून उडतो. पोलाद मात्र आधी वाकते आणि वाकताना दिसते. वीट बिडासारखी वागते. ती दबत नाही, कण्हत नाही, बाहेरून तिच्यावर काही दिसत नाही, आणि मग तिचे दोन तुकडे झालेले असतात.

लाकडाचे तसे नसते. सुकलेले, गाठी नसलेले जाड ओंडके एकावर एक आडवे-उभे रचले, तर तो चौथरा मोठा भार पेलतो आणि मोडण्याआधी दबतो, करकरतो, म्हणजे सावध व्हायला वेळ देतो. घरात काहीच नसेल आणि आधार द्यायचाच असेल, तर विटेपेक्षा असा लाकडी चौथरा कितीतरी बरा, मात्र त्याची रुंदी उंचीपेक्षा जास्त असली पाहिजे.

## घोडी किती टनांची घ्यावी?

आधी गाडीचे वजन पाहू. स्विफ्टसारख्या गाडीचे रिकामे वजन ९०० किलोच्या आसपास असते, बोलेरोचे १६०० च्या आसपास आणि इनोव्हा क्रिस्टाचे १८०० किलोच्या आसपास. पुढे इंजिन आणि पुढच्याच चाकांना गती अशी रचना असलेल्या लहान गाड्यांत सुमारे साठ टक्के भार पुढच्या बाजूला असतो. म्हणजे स्विफ्टची पुढची बाजू उचलली तर दोन घोड्यांवर मिळून सुमारे ५४० किलो आणि एकीवर २७० किलो येतात. सीएनजीच्या गाडीत टाकी आणि तिची जोडणी यांचे ८०-९० किलो मुख्यतः मागे वाढतात, तेवढे हिशेबात धरावेत. सामानाने भरलेली डिकी आधी रिकामी करावी हे वेगळे सांगायला नको.

एका घोडीवर २७० किलोच येणार असतील, तर दोन टनी घोडी कशाला? कारण हिशेबातले वजन शांतपणे उभ्या असलेल्या गाडीचे असते. जॅक भर्रकन सोडला की गाडी घोडीवर आदळते आणि त्या क्षणी भार कितीतरी वाढतो. अडकलेला नट पान्याने जोरात ओढला की आडवा धक्का बसतो. एक घोडी थोडी खचली की तिचा वाटा दुसरीवर जातो. म्हणून हॅचबॅक आणि सेडानसाठी दोन टनी जोडी आणि बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हासारख्या जड गाड्यांसाठी तीन टनी जोडी, हे मला योग्य वाटते. माझ्या मते घरात दोन वेगळ्या गाड्या असतील तर सरळ तीन टनी घ्यावी, पण तिची सर्वांत कमी उंची आपल्या लहान गाडीखाली बसते का, हे आधी तपासावे.

लेबल वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे लिहिलेली क्षमता एका घोडीची आहे की जोडीची. काही माल ‘जोडीला तीन टन’ अशा अर्थाने विकला जातो आणि तिथे एकीच्या वाट्याला दीडच टन येतो. दुसरे म्हणजे अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या मालावरचा टन ९०७ किलोचा असतो, आपला १००० किलोचा. किलोमध्ये आकडा छापलेला असेल तर तोच प्रमाण मानावा, आणि कुठेच आकडा नसेल तर ती घोडी कितीही जाड दिसली तरी घेऊ नये.

## दात्यांची की पिनची?

दात्यांच्या घोडीत, म्हणजेच ‘रॅचेट’ प्रकारात, दांड्याला एका बाजूने दाते असतात आणि आतली खिट्टी त्यात अडकते. दांडा वर ओढला की खिट्टी कट-कट करत बसत जाते, म्हणून उंची पटकन आणि बारीक टप्प्यांनी जुळते. पिनच्या घोडीत दांड्याला आरपार भोके असतात आणि हव्या त्या उंचीला जाड पिन घालायची असते. टप्पे मोठे असतात, पण पिन आत गेली आहे की नाही हे डोळ्यांनी दिसते.

दात्यांच्या घोडीचा धोका काय असतो, ते २०२० साली जगाने पाहिले. अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने ३ आणि ६ टनांच्या सुमारे १७ लाख घोड्या परत मागवल्या. कारखान्यातली साचे-हत्यारे झिजल्यामुळे काही घोड्यांमध्ये दांड्याचे दाते आणि खिट्टी पुरेशी खोल एकमेकांत बसत नव्हती, आणि भार असताना गाडी जोरात हलली तर खिट्टी सुटून घोडी एकदम खाली बसण्याचा संभव होता. त्यांच्या बदल्यात दिलेल्या ३ टनी घोड्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष आढळला आणि त्याही परत घ्याव्या लागल्या. पोलाद कमी जाडीचे होते किंवा कोणी जास्त वजन ठेवले, असे यात काही नव्हते. काही मिलिमीटरची पकड कमी पडली होती.

म्हणून दात्यांची घोडी घेताना दुकानातच दांडा प्रत्येक टप्प्यावर आणून वरून तळहाताने दाबून पाहावा, खिट्टी दात्याच्या तळापर्यंत गेली आहे का ते विजेरीने पाहावे, आणि शक्यतो खिट्टीच्या जोडीला आडवी सुरक्षा-पिनही असलेलीच घोडी घ्यावी. अशा घोडीत खिट्टी सुटली तरी पिन दांडा अडवते. किमतीतला फरक थोडा असतो. साधी, पिनचीच घोडी मिळाली तर तीही उत्तम; घरी वर्षातून चार वेळा काम करणाऱ्या माणसाला उंचीच्या बारीक टप्प्यांची फारशी गरज नसते.

बाकी पाहायचे ते पाय. घोडी जितकी उंच कराल तितका तिचा तोल नाजूक होतो, तेव्हा पाय रुंद फाकलेले हवेत आणि दांडा कामापुरताच वर घ्यावा. पायांच्या टोकांना जमिनीवर सपाट बसणारी पट्टी असेल तर चांगले. नुसती पत्र्याची धार असेल तर ती पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा मातीत रुतते.

## उद्यमनगरात बनवून घेतली तर?

हा कोल्हापूरचा खास प्रश्न आहे आणि त्यामागचा अभिमान मलाही आहे. शेतीपंपाची ऑइल इंजिने घडवणाऱ्या या गावात जाड पाइपाचे चार पाय आणि एक दांडा जोडून देणे ही अवघड गोष्ट नाही. कसब कमी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. अडचण तपासणीची आहे. वेल्डिंगची रेघ वरून सुबक दिसली तरी वितळलेला धातू सांध्यात किती खोल गेला आहे हे डोळ्यांना कळत नाही. भंगारातल्या पाइपाला आतून किती गंज लागला आहे हेही कळत नाही. आणि भोकात घालायला हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला साधा बोल्ट किती आडवा भार सोसेल, याचा हिशेब सहसा कोणी करत नाही.

तरीही बनवून घ्यायचीच असेल, तर एक अट घालावी. तयार घोडी हायड्रॉलिक प्रेसखाली ठेवून तिच्यावर ठरवलेल्या भाराच्या किमान दुप्पट दाब द्यायला सांगावे आणि नंतर पाय फाकले का, सांधा उकलला का, दांडा वाकला का, हे स्वतः मोजून पाहावे. असे प्रेस उद्यमनगरात आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत मिळणे कठीण नाही. जो कारागीर ही चाचणी स्वतःहून करून दाखवतो, त्याच्या घोडीवर मी विश्वास ठेवीन. जो ‘काय होत नाही’ एवढ्यावर भागवतो, त्याच्याकडून फाटक करून घ्यावे.

## जॅक आणि घोडी एकाच जागी कशी लावायची?

पहिल्यांदा काम करणारा माणूस इथे हमखास अडतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जॅक लावायच्या चार जागा दाखवलेल्या असतात. बहुतेक लहान गाड्यांत ती जागा दाराखालच्या दुहेरी पत्र्याच्या कडेवर, दोन खाचांच्या मध्ये असते, कारण तेवढाच भाग आतून मजबूत केलेला असतो. जॅक तिथेच लावला तर घोडी कुठे लावणार? कडेवर दुसरीकडे लावली तर पत्रा चेपतो, आणि मधल्या पातळ तळपत्र्याला लावली तर ती आत घुसते.

यावरचा मार्ग म्हणजे जॅकला दुसरी मजबूत जागा देणे. बऱ्याच गाड्यांत पुढे इंजिनाखालून जाणारा आडवा बीम आणि मागे अॅक्सलचा भाग ट्रॉली जॅक लावण्यासाठी पुस्तिकेत दाखवलेला असतो. तिथे जॅक लावून पुढची किंवा मागची बाजू दोन्हीकडून सारखी उचलावी आणि दाराखालच्या खाचांमध्ये दोन घोड्या लावाव्यात. कडेचा पत्रा चेपू नये म्हणून मधोमध खाच असलेला जाड रबरी ठोकळा घोडीच्या बैठकीवर ठेवावा; तो स्वस्त मिळतो आणि घसरण्यालाही आळा घालतो. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांना स्वतंत्र चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, असते, त्यामुळे चॅसीच्या लांब बीमवर पुरेशी जागा मिळते आणि हा प्रश्न सोपा होतो.

इंजिनाच्या चेंबरला (तळाच्या ऑइलच्या भांड्याला), गिअरबॉक्सला, इंधनाच्या टाकीला किंवा विजेच्या गाडीच्या तळाशी असलेल्या बॅटरीच्या आवरणाला जॅक कधीही लावू नये. चेंबर फुटला तर खर्चच होतो; बॅटरीचे आवरण चेपले तर पुढे आगीचा धोका उभा राहतो. आणि पुस्तिकेत दुसरी जागा दिलेलीच नसेल, तर अंदाजाने जागा शोधत बसण्यापेक्षा रॅम्प वापरावा.

## रॅम्प कोणासाठी?

ज्याला चाक काढायचे नाही, त्याच्यासाठी रॅम्पसारखे दुसरे साधन नाही. ऑइल बदलणे, खालचा चिखल धुणे, सायलेन्सर पाहणे या कामांत गाडी स्वतःच्या टायरांवर, स्वतःच्या स्प्रिंगांवर उभी राहते. जॅकची जागा शोधावी लागत नाही आणि पत्रा चेपत नाही. ब्रेकचे काम मात्र रॅम्पवर होत नाही, कारण चाक निघत नाही.

रॅम्प निवडताना चढ पाहावा. १६ सेंटिमीटर उंचीसाठी चढाची आडवी लांबी ६० सेंटिमीटर असेल तर कोन सुमारे १५ अंशांचा होतो. गाडीचे पुढचे बंपर चाकाच्या बरेच पुढे आणि खाली असेल, तर चाक चढण्याआधीच बंपर रॅम्पला घासते. घरी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा त्रिकोण कापून चाकाला टेकवून पाहिला की खरेदीआधीच उत्तर मिळते. बंपर घासत असेल तर लांब चढाचा रॅम्प घ्यावा किंवा त्याच्यापुढे जाड फळीचा एक टप्पा करावा. रॅम्पची रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा किमान पाच सेंटिमीटर जास्त असावी आणि माथ्याच्या शेवटी टायर अडवणारी उंच कड असावी.

प्लास्टिकचा की लोखंडी? दोन्ही चालतात. चांगल्या प्लास्टिकचा रॅम्प हलका असतो आणि गंजत नाही, पण गच्चीवर वर्षभर उन्हात पडला तर ठिसूळ होतो, म्हणून पांढुरकी रेघ किंवा तडा दिसला की तो बाद करावा. लोखंडी रॅम्पचे सांधे दर पावसाळ्यानंतर पाहावेत.

रॅम्पचा सगळ्यांत मोठा धोका चढतानाचा आहे. कोटा, कडप्पा किंवा चकचकीत टाइलवर रॅम्प ठेवून पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चढवली, की चाक चढण्याऐवजी रॅम्पलाच पुढे ढकलते. रॅम्पच्या टोकाखाली खरखरीत रबरी मॅट अशी घालावी की तिचा अर्धा भाग चाकाखाली येईल. मग गाडीचेच वजन रॅम्पला जागेवर धरते. चाके सरळ ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत चढावे. दिशा दाखवणाऱ्याने बाजूला उभे राहावे, समोर कधीही नाही.

## जमीन आणि चाके

आपल्याकडचे पोर्च पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून बाहेरच्या बाजूला उतरते केलेले असतात. वीस फुटांत एक फूट उतार असेल, तर १००० किलोची गाडी सुमारे ५० किलोच्या जोराने उताराकडे ओढली जात असते. चार टायरांवर हे जाणवत नाही, पण घोड्यांवर हाच जोर आडवा येतो. घराजवळचा सर्वांत सपाट भाग शोधावा, आणि तो रस्त्यावर असला तरी वाहत्या रस्त्यावर काम करू नये. पेव्हर ब्लॉक, काळी माती आणि एप्रिलच्या उन्हात मऊ झालेले डांबर यांवर घोडीचे पाय रुततात, म्हणून खाली १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा मोठा तुकडा घालावा. ट्रॉली जॅकलाही तो उपयोगी पडतो. जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे उचलताना जॅकची चाके थोडी सरकावीच लागतात. ती ब्लॉकच्या फटीत अडकली तर वरची बैठक गाडीखालून घसरते.

हँडब्रेक ओढला की झाले, ही समजूत मात्र खोडून काढली पाहिजे. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, म्हणजे मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी होतो. गिअरमध्ये ठेवलेली गाडी पुढची चाके धरते, पण पुढचे एकच चाक हवेत असेल तर तेही खरे राहत नाही. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा जो भाग असतो, तो डिफरन्शियल, हवेतल्या चाकाला मोकळे फिरू देतो आणि त्यामुळे जमिनीवरचे चाकही सुटते. ऑटोमॅटिक गाडीच्या ‘पी’ची गतही तीच. म्हणून जी चाके जमिनीवर राहणार आहेत, त्यांना पुढून आणि मागून दोन्हीकडून ठोकळे लावावेत. गोल धोंडे चाकाखालून निसटतात. तिरपा कापलेला लाकडी ठोकळा किंवा रबरी ठोकळा हवा.

## “पाच मिनिटांचे तर काम आहे”

गाडीला पडायला पाच मिनिटे लागत नाहीत. छातीवर दोन-अडीचशे किलो आले, तर बरगडी न मोडताही श्वास घेता येत नाही, आणि श्वास घेता येत नाही म्हणून हाकही मारता येत नाही. घरातले लोक दहा पावलांवर स्वयंपाकघरात असूनही त्यांना काही कळत नाही. म्हणून गाडीखाली जाण्याआधी घरात कोणाला तरी सांगावे, त्या माणसाने अधूनमधून हाक द्यावी, आणि लहान मुले व कुत्री आत बंद असावीत.

“इतकी वर्षे विटांवर करतोय, काही झाले नाही,” असे सांगणारे अनुभवी लोक भेटतात आणि ते खोटे बोलत नाहीत. पण प्रत्येक वेळी वीट वेगळी असते, जमीन वेगळी असते आणि पान्याला लावलेला जोरही वेगळा असतो, त्यामुळे मागचे शंभर वेळचे यश एकशे एकाव्या विटेबद्दल काहीच सांगत नाही. खर्चाची अडचणही मला पटत नाही. दोन टनी घोड्यांची बरी जोडी गाडीच्या एका सर्व्हिसिंगपेक्षा कमी पैशांत येते आणि दोन-तीन शेजाऱ्यांत मिळून घेतली तरी चालते.

घोड्या लावल्यावर जॅक हळू सोडून भार पूर्णपणे त्यांच्यावर येऊ द्यावा आणि मग गाडीच्या बाजूला उभे राहून ती दोन्ही हातांनी जोरात हलवावी. पडायची असेल तर ती तेव्हाच पडावी. गाडी हलली नाही, तर जॅक नुसता टेकेल इतका परत वर आणून तसाच ठेवावा, आणि काढलेले चाक दाराखाली आडवे सरकवावे. घोडीही गेली आणि जॅकही गेला, तरी चाकाच्या जाडीएवढी जागा शिल्लक राहते.

## उतरवताना

काम संपल्यावर माणूस थकलेला असतो आणि हात तेलाने माखलेले असतात, तेव्हा उतरवणे घाईने होते. आधी गाडीखालची सगळी हत्यारे मोजून बाहेर काढावीत. चाक बसवून नट हाताने आणि मग पान्याने बेताने आवळावेत. पूर्ण आवळायचे ते चाक जमिनीवर टेकल्यावरच. जॅकने गाडी एखादे बोट वर घेऊन घोड्या मोकळ्या कराव्यात आणि त्या ओढून काढताना हात गाडीखाली न घालता घोडीचा पाय धरावा. नंतर वाल्व पाव आट्यानेच सैल करावा, म्हणजे गाडी सावकाश बसते. चाकांचे ठोकळे सगळ्यांत शेवटी काढावेत, आणि पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा पान्याने पाहावेत.